चाळीस शिलिंगांचे मतदार

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात 'निवडणुका आणि आपला समाज' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा करणारे पत्र चिटणीसांनी धाडले, तेव्हा आमच्या मनात प्रथम हाच प्रश्न आला की, या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार तो कोणता? आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक; उभा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेला. राजकारण आम्ही कधी केले नाही. मतदान केंद्रावरील कामे मात्र इतकी केली की, त्यांची गणती आता आठवत नाही. शिक्षकाच्या नशिबी जनगणना आणि निवडणूक ही दोन कामे लिहिलेलीच असतात, हे येथे बसलेल्या शिक्षकबंधूंस सांगावयास नको.

म्हणून आम्ही असे ठरविले की, आजच्या राजकारणावर मतप्रदर्शन न करता आपल्या आवडीच्या इतिहासात शिरावे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीची हकीकत आपणांस सांगावी. ही हकीकत आयर्लंडातील आहे. आयर्लंड म्हटले म्हणजे आपणांस लोकमान्य आठवतात. १९१६ साली त्यांनी स्थापिलेल्या होमरूल लीगचे नावच मुळी आयरिश लोकांच्या चळवळीतून आलेले. पण आमची हकीकत त्याहूनही अठ्ठ्याऐंशी वर्षे जुनी, म्हणजे १८२८ सालातील आहे. तिचा नायक म्हणून इतिहासात डॅनियल ओकॉनेल या बॅरिस्टराचे नाव येते, आणि ते यथायोग्यच आहे. आमचे लक्ष मात्र त्याला ज्यांनी मते दिली त्या कुळांकडे अधिक राहणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या काळचे आयर्लंड कसे होते? जमीन बहुतांशी प्रॉटेस्टंट जमीनदारांची, आणि ती कसणारी कुळे बहुसंख्य कॅथलिक. आपल्या कोकणातील वडीलधाऱ्या मंडळींस खोत आणि कूळ यांचे नाते ठाऊक आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तरी तिच्या आठवणी घराघरांत आहेत. त्यांनी ते नाते डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे निम्मे आयर्लंड समजल्यासारखे होईल. १८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट नाहीशी होऊन तेथील शंभर प्रतिनिधी लंडनच्या पार्लमेंटात बसू लागले. त्या पार्लमेंटात कॅथलिकास बसता येत नसे. निवडून येण्यास मनाई नव्हती, पण आत शिरताना जी शपथ घ्यावी लागे, तिच्यात त्याच्या धर्माचे मूळ सिद्धांतच नाकारलेले होते. दार उघडे, परंतु उंबरठ्यावरच धर्म सोडावयाचा, असा तो प्रकार होता.

मत देण्याचा हक्क मात्र कॅथलिकांस १७९३ पासून मिळालेला होता. ज्याच्याकडे वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची 'फ्रीहोल्ड' जमीन असेल त्याला जिल्ह्याच्या निवडणुकीत मत. चाळीस शिलिंग म्हणजे दोन पौंड. ही रक्कम इंग्लंडात १४३० साली ठरलेली, तीच आयर्लंडात चालू राहिली. आता आपण विचाराल की, कुळाकडे फ्रीहोल्ड कोठून आली? तर त्यातील मेख अशी : पट्टा जर कोणाच्या हयातीवर लिहून दिलेला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती फ्रीहोल्डच. तेथे पट्ट्यात बहुधा तीन माणसांची नावे घालीत. त्यांतील शेवटचा मनुष्य जिवंत असेपर्यंत पट्टा चालू. अशा पट्टेदाराने शपथेवर सांगितले की, खंड वजा जाता या जमिनीतून आपल्याला चाळीस शिलिंग सुटतात, की झाला तो मतदार.

हे जमीनदारांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. ज्याच्या पदरी अधिक मतदार, त्याचे जिल्ह्यात अधिक वजन. आणि वजन असले म्हणजे सरकारदरबारी नोकऱ्या, मानमरातब, सर्व काही. मग त्यांनी हयातीचे पट्टे भराभर लिहून दिले. जमिनीचे तुकडे पडले, एका शेताची चार शेते झाली, आणि बटाट्यावर जगणाऱ्या झोपडीतील मनुष्यही मतदार झाला. आपल्याकडे शेतकरी भाताचे पीक घेतो. आयर्लंडातील जमीनदाराने भाताऐवजी मतदारांचे पीक घेतले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मतदान कसे होई, तेही ऐका. साऱ्या जिल्ह्याचे मतदान एकाच गावी, जिल्ह्याच्या ठाण्यात. ते कित्येक दिवस चाले. जमीनदाराचा कारभारी कुळांस गोळा करून मेंढरांच्या कळपाप्रमाणे तेथे घेऊन जाई. चिठ्ठी नाही, पेटी नाही, पडदा नाही. अधिकाऱ्यापुढे उभे राहून, भरल्या सभेत, आपले मत कोणास ते मोठ्याने सांगावयाचे. आणि समोर जमीनदार किंवा त्याचा कारभारी बसलेला. मत देणाऱ्याचे नाव आणि त्याने कोणास मत दिले, हे वहीत लिहिले जाई.

शिवाय कुळाच्या मानेवर आणखी एक दोरी असे. तेथे खंड सहा महिने मागे ठेवण्याची रीत होती. नवा कूळ जमिनीवर आला म्हणजे पहिल्या सहामाहीचा खंड त्याच्याकडून लगेच घेत नसत. तो मागे राही, आणि पुढे जन्मभर मागेच राही. वरवर पाहता ही सवलत. वस्तुतः यामुळे प्रत्येक कूळ सदैव थकबाकीदारच असे. ज्या दिवशी मालकाची मर्जी खप्पा होईल, त्या दिवशी त्याने सहा महिन्यांची बाकी एकदम मागावी, आणि ती देता न आल्यास गुरेढोरे, भांडीकुंडी जप्त करावीत. मत देताना कुळाच्या मनात ही बाकी असे. ज्यांनी सावकाराच्या ओसरीवर उभे राहून 'होय धनी' म्हटले आहे, त्यांस हे अधिक फोड करून सांगण्याची जरुरी नाही.

असो. १८२३ साली ओकॉनेलने कॅथलिक असोसिएशन नावाची संस्था काढली. आरंभी ती वकील, व्यापारी अशा बड्या लोकांचीच होती. पुढच्याच वर्षी त्याने एक युक्ती योजली, आणि आमच्या मते त्याच्या साऱ्या बुद्धिमत्तेचे सार त्या युक्तीत आहे. महिन्याला एक पेनी देईल तो सभासद. गावोगावच्या देवळांच्या दारांशी पेनी गोळा होऊ लागल्या. (आपल्या ज्ञातिसंघाचे खजिनदार येथे आहेत. वार्षिक वर्गणी वसूल करताना त्यांची जी दमछाक होते ती आम्ही पाहतो. त्यांनी ही मासिक पेनीची कल्पना विचारात घ्यावी.) पैसा जमला तो जमलाच, पण त्याहून मोठी गोष्ट ही झाली की, ज्याने पेनी दिली त्याला ही संस्था आपली वाटू लागली, आणि जमीनदाराने कोणास छळले तर त्या पैशांतून मदत होऊ लागली. १८२६ साली वॉटरफर्ड जिल्ह्यात बेरेसफर्ड या बलाढ्य घराण्याच्या लॉर्ड जॉर्जला त्याच्याच कुळांनी पाडले. त्या वेळी निवडून आलेला व्हिलियर्स स्टुअर्ट मात्र प्रॉटेस्टंटच होता. स्वतः कॅथलिकाने उभे राहण्याची वेळ अजून यावयाची होती.

ती १८२८ साली आली. त्या वर्षी इंग्लंडचा मुख्य प्रधान होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा कोण, हे आपल्या मुलांस आम्ही वर्गात नेहमी सांगत असू : १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा ज्याने मोड केला, तोच हा आर्थर वेलस्ली. त्याचा जन्म आयर्लंडातला, पण कॅथलिकांविषयी सहानुभूती नाही. त्याने आपल्या मंत्रिमंडळात क्लेअर जिल्ह्याचा प्रतिनिधी व्हेसी फिट्झगेराल्ड यास व्यापार खात्याचे अध्यक्षपद दिले. तेव्हाचा कायदा असा की, प्रतिनिधीने असे पद स्वीकारले म्हणजे त्याने पुन्हा निवडून यावे. सर्वांस वाटले, हा केवळ उपचार. जिल्ह्यातील जवळजवळ सारे जमीनदार फिट्झगेराल्डच्या बाजूचे. आणि मनुष्य वाईट नव्हता. कॅथलिकांचे निर्बंध उठवावेत या मताचा तो होता, कुळांशी त्याचे वागणे चांगले, घराणे लोकप्रिय. अशा माणसाविरुद्ध उभा राहण्यास दुसरा योग्य प्रॉटेस्टंट उमेदवार मिळेना. तेव्हा जूनच्या २४ तारखेस ओकॉनेलने स्वतःच उभे राहण्याचे जाहीर केले. पार्लमेंटात जो बसू शकत नाही तोच उमेदवार!

एनिस हे क्लेअरचे मुख्य ठाणे. जुलैच्या १ तारखेपासून ५ तारखेपर्यंत तेथे मतदान झाले. त्या पाच दिवसांचे वर्णन ओकॉनेलचा सहकारी रिचर्ड शील याने लिहून ठेवले आहे. लहानशा त्या गावात हजारोंचा जमाव लोटला. कित्येकांनी तो तीस हजारांपर्यंत असल्याचे म्हटले आहे. खेड्याखेड्यांतून कुळे धर्मगुरूंच्या मागोमाग चालत आली. कॉरोफिनच्या फादर मर्फीसारख्या धर्मगुरूंनी आपापल्या गावी लोकांस त्यांच्याच आयरिश भाषेत समजावून ठेवले होते. सर एडवर्ड ओब्रायन हा त्या भागातील मोठा जमीनदार. फिट्झगेराल्डचा खंदा पाठीराखा. त्याची कुळे त्याच्या डोळ्यांदेखत ओकॉनेलच्या बाजूस गेली.

आम्हांस या प्रसंगात सर्वांत विलक्षण वाटते ते निराळेच. आयर्लंडातील निवडणूक म्हणजे त्या काळी दारूचा पूर आणि लाठ्यांची मारामारी. गावागावांत दोन तट. जत्रेत, बाजारात एकमेकांची डोकी फोडावयाची, आणि भांडणाचे मूळ कारण विचाराल तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांसही आठवत नसे. (आमच्या भावकीतील एका बांधाच्या भांडणाची आम्हांस येथे आठवण होते, पण ते राहू द्या.) त्या पाच दिवसांत मात्र असोसिएशनचा हुकूम सुटला की, कोणी दारूला शिवावयाचे नाही. आणि ते शिवले नाहीत! सैन्य आणि पोलीस सज्ज होते, त्यांस काही कामच पडले नाही. पुढल्या काही महिन्यांत त्या भागातील जुने तट एकमेकांशी समेट करू लागले. ज्यांस सरकार अडाणी म्हणत होते, त्यांनी स्वतःवर घालून घेतलेली ही शिस्त होती.

पण खरे तेच सांगावयाचे असेल, तर नाण्याची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. कूळ आता एका मालकाऐवजी दोघांच्या मध्ये सापडले. जमीनदाराच्या बाजूने मत द्यावे तर गाव हुर्यो करणार, शेजारी तोंड फिरवणार, धर्मगुरू रागावणार. ओकॉनेलला द्यावे तर थकबाकी डोक्यावर. आयर्लंडातील निवडणुकांतून असे प्रकार वरचेवर घडत. पुढे १८८० साली त्याच देशातील मेयो जिल्ह्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला लोकांनी वाळीत टाकले आणि त्याच्या नावावरून बहिष्काराला इंग्रजीत शब्दच मिळाला. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या जातपंचायतींच्या जुन्या इतिहासात शोधावयास फार लांब जावे लागत नाही. २०१६ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. तेव्हा क्लेअरच्या त्या कुळांतील प्रत्येकाने आपल्या एकट्याच्या विचाराने मत दिले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की, दोन्ही बाजूंस भय होते, आणि त्यांतील बहुतेकांनी जे मत दिले त्याची किंमत भाकरीत मोजावी लागणार होती.

मतमोजणी झाली. ओकॉनेल २,०५७, फिट्झगेराल्ड ९८२.

असईचा विजेता येथे हरला. आणखी एकही क्लेअर घडले तर आयर्लंड हातचे जाईल, अंतर्गत युद्ध पेटेल, हे वेलिंग्टन आणि त्याचा गृहमंत्री पील यांस उमजले. पीलची तर आयुष्यभराची मते फिरली. तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधी होता. मते बदलली म्हणून त्याने जागेचा राजीनामा देऊन पुन्हा कौल मागितला, तेव्हा तेथील विद्वान मतदारांनी त्याला पाडले. मग वेस्टबरी नावाच्या मूठभर मतदारांच्या गावातून तो मागल्या दाराने पार्लमेंटात परत आला. अडाणी कोण आणि सुज्ञ कोण, हा प्रश्न येथे आम्ही श्रोत्यांवरच सोपवितो. ते काही असो, १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांस पार्लमेंटात बसण्याचा हक्क देणारा कायदा झाला.

शाळेच्या पुस्तकांतून ही गोष्ट येथे संपते. आम्हीही पुष्कळ वर्षे ती येथेच संपवीत होतो. पुढे एका ग्रंथालयात जुना इंग्रजी इतिहास चाळताना पुढचे पान वाचावयास मिळाले.

कॅथलिकांच्या मुक्ततेचा कायदा झाला त्याच वेळी आणखी एक कायदा झाला. आयर्लंडातील जिल्ह्यांत मत देण्यासाठी चाळीस शिलिंगांऐवजी दहा पौंड उत्पन्न लागेल. दोनाचे दहा, म्हणजे पाचपट. परिणाम असा झाला की, सुमारे २,१६,००० मतदार होते ते ३७,००० च्या आसपास उरले. म्हणजे ज्यांनी थकबाकीची दोरी मानेभोवती असताना भरल्या सभेत ओकॉनेलचे नाव उच्चारले होते, त्यांतील बहुतेकांचे मतच गेले. कारण काय सांगितले? ही कुळे अज्ञानी आहेत, परतंत्र आहेत, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मत देतात. १७९३ पासून ती जमीनदाराच्या सांगण्यावरून मत देत होती, तेव्हा त्यांचे अज्ञान इतके कोणास खटकले नव्हते!

आणि ओकॉनेल? याच्याविषयी आम्हांस मनापासून आदर आहे, म्हणूनच हे सांगताना जीभ जड होते. १८२५ साली अशाच एका तडजोडीस त्याने मान्यता दिली होती. ती फिसकटली आणि त्याला पश्चात्तापही झाला. पुढे या कुळांनीच त्याच्या पक्षाला जय मिळवून दिला, तेव्हा चाळीस शिलिंगवाल्यांचा हक्क आपण जाऊ देणार नाही, असे तो जाहीर सभांतून सांगू लागला. १८२९ साली मात्र त्याने निषेध केला आणि तो तेवढ्यावरच राहिला. ज्याच्या एका शब्दावर तीस हजारांनी दारू सोडली, त्याने या कुळांसाठी तशी चळवळ उभी केली नाही. मोठा हक्क पदरात पडत होता. लहान माणसांचा लहान हक्क त्यासाठी सोडणे शहाणपणाचे आहे, असा हिशेब पुष्कळांनी केला. त्याचे समर्थन करणारे म्हणतात की, विरोध केला असता तर दोन्ही गेले असते. असेलही. पण तो निर्णय घेताना त्या कुळांस कोणी विचारले, असे आमच्या वाचनात नाही.

नवा कायदा मागील निवडणुकीस लागू नव्हता. त्यामुळे मे महिन्यात ओकॉनेल पार्लमेंटात गेला तेव्हा त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवली गेली. ती त्याने नाकारली, आणि क्लेअरला पुन्हा निवडणूक लागली. जुलैमध्ये तो बिनविरोध निवडून आला. या खेपेस कोणाच्या मताची गरजच पडली नाही.

मत गेले म्हणजे काय काय जाते, हेही पाहण्यासारखे आहे. कुळाकडे मत होते तोपर्यंत लहान तुकड्यांवर पुष्कळ कुळे ठेवण्यात जमीनदाराचा स्वार्थ होता. मत गेल्यावर तो उरला नाही. तुकडे एकत्र करून गुरांची कुरणे करणे फायद्याचे ठरू लागले. पुढे १८४५ पासून बटाट्याच्या रोगाने दुष्काळ पडला, त्यात ज्या जिल्ह्यांची अधिकांत अधिक दैना झाली त्यांत क्लेअर एक होता. त्या जिल्ह्याच्या किलरश भागात १८४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हजारो माणसांस घराबाहेर काढून त्यांची घरे पाडण्यात आली. हे सर्व १८२९ च्या कायद्यामुळेच झाले असे नव्हे. पण त्या कुळांकडे मालकाला हवीशी वाटेल अशी वस्तू एकच होती आणि ती आधीच काढून घेतलेली होती. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ साली आला. त्यांतील किती जण तो पाहण्यास जिवंत होते, देव जाणे.

गुप्त मतदान आले म्हणजे भय गेले, असे मात्र कोणी समजू नये. एक अनुभव सांगतो. १९९० नंतरच्या एका पंचायत समितीच्या निवडणुकीत आम्ही मतदान केंद्राध्यक्ष होतो. तेव्हा यंत्रे आलेली नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या. एक वृद्ध गृहस्थ आडोशामागे शिक्का मारून आले आणि मतपत्रिका न दुमडता, उघडी धरून, दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे वळले. आम्ही हटकले. ते निरागसपणे म्हणाले, "गुरुजी, दाखवूनच टाकायला सांगितलंय." नियमाप्रमाणे ती मतपत्रिका आम्हांस रद्द करावी लागली. दाराशी उभा असलेला मनुष्य हसत हसत निघून गेला. त्याला हात लावता येईल असे काहीच आमच्या हाती नव्हते. शिक्षा झाली ती त्या वृद्धालाच. त्यांचे ते कावरेबावरे तोंड आम्हांस आजही आठवते, आणि क्लेअरच्या इतिहासाचे ते पान वाचताना प्रथम तेच आठवले.

आता शेवटचे. बोलू नये असे कित्येकांनी सुचविले, पण बोलल्यावाचून राहवत नाही. मागील स्थानिक निवडणुकीच्या वेळी आपल्या संघाने एक पत्रक काढून अमुक उमेदवारास एकगठ्ठा मते द्यावीत असे ज्ञातिबांधवांस कळविले होते. त्या पत्रकावर इतरांबरोबर आमचीही सही होती. बदल्यात दोन गोष्टींचे वचन मिळाले होते : संघाच्या सभागृहाला निधी, आणि डोंगराकडील वाडीला पाखाडी व नळाचे पाणी. मते पडली. उमेदवार आले. ज्या सभागृहात आपण आज बसलो आहोत, त्याचे छप्पर त्याच निधीतून झाले आहे, आणि ते चांगले झाले आहे. वाडीची पाखाडी अद्याप व्हावयाची आहे. नळही नाही. सभागृहाचा निधी निश्चित करण्यासाठी जी बैठक झाली तीत पाण्याचा विषय पुढच्या वर्षावर टाकण्यात आला. त्या बैठकीस आम्ही हजर होतो आणि आम्ही काही बोललो नाही. ओकॉनेलचा दोष काढताना आमची जीभ जड का झाली, हे आता आपल्या ध्यानी आले असेल.

उद्या सकाळी कार्यकारी मंडळाची सभा आहे आणि येत्या निवडणुकीचे पत्रक हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकास आहे. त्या वाडीची मंडळी आज मागच्या दोन रांगांत बसलेली आम्हांस येथून दिसत आहेत. शेवटची गाडी पाच वाजता सुटते म्हणून ती लवकर उठतील. त्यांच्या उतरण्याची सोय आमच्या घरी होईल. त्यांना उद्याच्या सभेस बोलवावे आणि तो विषय पहिल्या क्रमांकास घ्यावा, एवढी विनंती अध्यक्षमहाराजांस करून आम्ही आपली रजा घेतो.